पंपगृहाच्या प्रतिकृतीतील फ्लँज आणि नट : प्लॅस्टिकमधील बारीक छिद्रे व चकत्या यांचा एक प्रकरण अभ्यास

कृष्णेचे पाणी उचलून अवर्षणप्रवण भागात नेणाऱ्या ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांमुळे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत पंपगृह, ऊर्ध्वगामी नलिका, वितरण हौद हे शब्द शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळले आहेत. कवठेमहांकाळ तालुक्यातील एका पाणी वापर संस्थेला आपल्या कार्यालयाच्या दर्शनी खोलीत ठेवण्यासाठी अशाच एका पंपगृहाची प्रतिकृती हवी होती आणि मिरजेतील एका तरुण प्रतिकृतीकाराने हे काम स्वीकारले. प्रत्यक्षातील कोणत्याही एका टप्प्याची ती हुबेहूब नक्कल नव्हती. चार पंप दाखवायचे, त्यांपैकी तीन चालू स्थितीत आणि चौथा दुरुस्तीसाठी खोललेला, ही मांडणी संस्थेच्या संचालकांनीच सुचवली होती. ऐन आवर्तनात पंप खोलावा लागला की पाणी का थांबते, हे सभासदांना समोर दाखवता यावे, हा त्यांचा हेतू होता. इमारत, क्रेन, विद्युत फलक आणि नळ्या यांत विशेष अडचण आली नाही. काम अडले ते फ्लँजपाशी, म्हणजे नळ्यांच्या टोकांना असणाऱ्या आणि बोल्टने एकमेकांना जोडल्या जाणाऱ्या कड्यांपाशी.

प्रमाण १:५० ठरले होते. नळ्यांसाठी ६०० मिमी व्यासाचे माप धरले आणि फ्लँजची मापे दहा बार दाबाच्या प्रमाणित तक्त्यातून घेतली. त्या तक्त्यानुसार ६०० मिमी नळीच्या फ्लँजचा बाहेरचा व्यास ७८० मिमी असतो, बोल्टच्या छिद्रांची केंद्रे ७२५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर येतात, छिद्रे २० असतात आणि २७ मिमी जाडीचा बोल्ट जाण्यासाठी प्रत्येक छिद्र ३० मिमीचे ठेवतात. या आकड्यांना पन्नासने भागले की काम किती बारीक आहे ते कळते. चकतीचा व्यास १५.६ मिमी, छिद्रांचे वर्तुळ १४.५ मिमी आणि छिद्र ०.६ मिमी. नळी म्हणून १२ मिमीची ॲक्रिलिक ट्यूब वापरायची असल्याने मधले भोक १२ मिमीचे. दोन शेजारच्या छिद्रांच्या केंद्रांमधले अंतर सुमारे २.२७ मिमी भरते, ते फारसे त्रासदायक नाही. त्रास आहे तो छिद्राची कड आणि चकतीची बाहेरची कड यांच्यामध्ये उरणाऱ्या भिंतीचा, कारण ती भिंत केवळ ०.२५ मिमीची उरते.

प्रत्येक पंपामागे झडपा, परतावा रोखणारी झडप आणि सुटे जोड धरून १२ फ्लँज, म्हणजे एकूण ४८. प्रत्येकी २० छिद्रे धरली तर ९६० छिद्रे. शिवाय जोडाच्या दोन्ही बाजूंना दिसणारे नट वेगळेच.

एक बारकावा येथेच नोंदवून ठेवतो, कारण प्रतिकृतींमध्ये तो वारंवार चुकलेला दिसतो. फ्लँजवरील बोल्टची संख्या चारच्या पटीत असते आणि नळी आडवी असताना अगदी माथ्यावर किंवा अगदी तळाशी बोल्ट येत नाही. उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर छिद्रे येतील अशीच मांडणी केली जाते. वीस छिद्रांमध्ये दोन छिद्रांमधला कोन १८ अंशांचा, म्हणून पहिले छिद्र उभ्या रेषेपासून ९ अंशांवर यायला हवे. पाहुण्याला हे कळणार नाही असे म्हणता येते, परंतु या प्रतिकृतीचे पाहुणे पंपगृहावर नट आवळलेली माणसे होती.

पहिले उपाय

प्रतिकृतीकाराने आधी जे केले ते कोणीही केले असते. सांगलीच्या बाजारात गॅस्केट कापण्याचे पोकळ पंच सहज मिळतात. त्यांतला १६ मिमीचा पंच आणून त्याने लाकडी ठोकळ्यावर ०.७५ मिमी जाडीच्या पांढऱ्या प्लॅस्टिक शीटवर हातोडीने ठोकला. चकती निघाली, परंतु तिची कड तिरकी होती आणि कडेच्या आत सर्वत्र फिकट पांढरी झाक उमटली होती. गॅस्केट पंचाची धार बाहेरून उतरती केलेली असते. चामडे, रबर किंवा गॅस्केटचा कागद दबून तिला वाट देतो, कडक प्लॅस्टिक मात्र बाजूला ढकलले जाते. जेथे ते प्रमाणाबाहेर ताणले जाते तेथे त्यात अतिसूक्ष्म भेगा पडून ते पांढरे दिसू लागते. रंगाखाली ती झाक लपली असती, तिरकी कड मात्र लपली नसती, कारण दोन फ्लँज एकमेकांना टेकल्यावर मध्ये खाच दिसू लागली.

छिद्रांसाठी त्याने लहान विजेचे ड्रिल वापरले. ही शीट हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरिनची होती, कारखान्यांत जिला हिप्स म्हणतात ती. पॉलिस्टायरिन साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि वेगाने फिरणाऱ्या ०.६ मिमीच्या ड्रिलच्या टोकाशी तेवढी उष्णता क्षणात तयार होते. बुरा बाहेर पडण्याऐवजी वितळून ड्रिलच्या खाचांत बसला, पुढे ड्रिल कापेनासे झाले आणि छिद्राभोवती प्लॅस्टिकची कडा उभी राहिली. बाहेरची पाव मिलिमीटरची भिंत बहुतेक ठिकाणी फुटली, काही ठिकाणी फुगली.

त्यानंतर लेझर कटिंगचा विचार झाला. फलक बनवणाऱ्या एका दुकानात एक मिलिमीटर ॲक्रिलिकवर नमुना काढून घेतला. तो दिसायला सुरेख होता. छिद्रे किंचित निमुळती होती तेवढेच. तो नमुना नळीवर चढवून डायक्लोरोमिथेनचा, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रावकाचा, थेंब सोडला तेव्हा मात्र छिद्रांपासून कडेपर्यंत केसांसारख्या चिरा पसरल्या. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या कडेत उष्णतेमुळे ताण साठून राहतो आणि द्रावक लागताच तो चिरांच्या रूपाने मोकळा होतो. तुकडे ठरावीक तापमानाला काही तास ठेवून हळूहळू थंड केले तर हा ताण जातो, पण तशी भट्टी हाताशी नव्हती. लेझरला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. मोठी छिद्रे असती आणि सांधा द्रावकाऐवजी दुसऱ्या गोंदाने करायचा असता, तर मी स्वतः तोच मार्ग सुचवला असता. ज्यांच्याकडे पीव्हीसीची शीट आहे त्यांनी मात्र लेझरच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो माणसालाही घातक आणि यंत्रालाही.

नटांसाठी मिरजेत सुचणे स्वाभाविक होते ते इंजेक्शनच्या सुईचे. हे दवाखान्यांचे गाव आहे आणि औषधांच्या कोणत्याही दुकानात निरनिराळ्या जाडीच्या नव्या सुया मिळतात. १८ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास १.२७ मिमी आणि आतला सुमारे ०.८४ मिमी असतो. २७ मिमीच्या बोल्टच्या नटाचे समोरासमोरच्या बाजूंमधले माप ४१ मिमी, म्हणजे प्रमाणात ०.८२ मिमी, हा योगायोग फारच सोयीचा होता. सुईचे तिरके टोक सरळ घासून, कड बाहेरून थोडी उतरवून, ती पातळ शीटवर दाबत गोल फिरवली की चकती सुटून सुईच्या पोकळीत अडकते आणि मागून तार घालून ती ढकलता येते. वापरलेली सुई यासाठी घेऊ नये, हे सांगायलाही नको. दहा-वीस चकत्यांसाठी ही युक्ती उत्तम आहे. शेकड्यांनी चकत्या काढायच्या तर सुईची कड लवकर बोथट होते, चकत्यांची जाडी व कड एकसारखी राहत नाही आणि दर चकतीमागे तार घालण्यात जीव मेटाकुटीला येतो.

मामांची विचारणा

या टप्प्यावर प्रतिकृतीकाराने आपल्या मामांना गाठले. मामा कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममधून निवृत्त झालेले, पंच आणि डाय, म्हणजे कापणारा दांडा आणि तो ज्याच्या छिद्रात उतरतो तो ठोकळा, बनवण्यात आयुष्य घालवलेले. मी हे काम पाहू लागलो ते येथपासून.

त्यांनी हत्यारांविषयी काही न बोलता आधी आराखडा मागितला आणि बोटाने एकेक जोड दाखवत विचारले, "ह्या भोकात बोल्ट आहे ना? मग भोक दिसणार कुणाला?" भाच्याकडे उत्तर नव्हते. जुळलेल्या जोडात बोल्ट घातलेला असतो आणि त्यावर नट बसलेला असतो. छिद्र पूर्ण झाकलेले असते. उघडे छिद्र दिसणार ते फक्त खोललेल्या पंपाच्या सुट्या फ्लँजवर आणि असे फ्लँज चारच होते. म्हणजे खरी छिद्रे ९६० नव्हेत, ८० हवी होती. उरलेल्या ४४ फ्लँजचे २२ जोड होतात. प्रत्येक जोडाला दोन्ही अंगांनी २० प्रमाणे ४० नट, म्हणजे ८८० नट. कामाचे स्वरूपच त्यामुळे पालटले: छिद्रे थोडी पण अवघड, चकत्या पुष्कळ पण सोप्या. प्रतिकृतीच्या कामात कोणती गोष्ट करायचीच नाही हे हत्याराला हात लावण्याआधी ठरवणे किती मोलाचे असते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पुढचा प्रश्न मालाचा. हिप्सचे तुकडे व्हॅक्यूम फॉर्मिंग करणाऱ्या एका कारखान्याच्या उरलेल्या कात्रणांतून आले होते आणि त्यांत पॉलिप्रॉपिलीनचे तुकडेही मिसळलेले होते. पॉलिप्रॉपिलीन दिसायला तसेच असले तरी ते नेहमीच्या द्रावकाने चिकटत नाही. पाण्याच्या वाटीत तुकडा बुडवून पाहणे ही त्यावरची सोपी परीक्षा आहे: पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते, पॉलिस्टायरिन बुडते. बुडबुडे चिकटलेले राहू नयेत म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकावा. मुदत संपलेली एटीएम कार्डेही अशा कामाला वापरतात, त्यांची जाडी ०.७६ मिमी ठरलेली असते, पण ती बहुधा पीव्हीसीची असतात आणि ॲक्रिलिकच्या नळीशी त्यांचा सांधा हिप्सइतका सहज जमत नाही. येथे हिप्सच कायम केले, कारण हिप्स आणि ॲक्रिलिक ही दोन्ही डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळतात आणि सांधा एकजीव होतो. हे द्रावक उघड्या खिडकीपाशीच वापरावे.

टेकू

मामांचे सारे म्हणणे एका वाक्यात मावणारे होते आणि ते त्यांनी काम करताना अनेकदा ऐकवले: "आधी त्याला टेकू दे, मग भोक पाड." प्लॅस्टिक कापण्यासाठी फार तीक्ष्ण धार लागते असा समज असतो. प्रत्यक्षात पंचाची कड नुसती काटकोनी आणि न झिजलेली असली तरी पुरते. कापताना शीटला दोन्ही बाजूंनी, अगदी कापाच्या रेषेपर्यंत, आधार आहे की नाही यावर कड स्वच्छ येणे अवलंबून असते. लाकडी ठोकळा दबतो, म्हणून शीट त्यात वाकते आणि मग ती कापली न जाता ओढली जाते. पोलादी पत्र्यासाठी पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के फट ठेवण्याचा प्रघात आहे. तेवढी फट हिप्सला दिली तर शीट फटीत ओढली जाऊन कडेला ओठ उमटतो. म्हणून येथे पंच डायमध्ये जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवायचे ठरले.

इतकी कमी फट हाताने साधायची तर एकच मार्ग आहे. नटांसाठी सहा मिलिमीटर जाडीच्या मऊ पोलादी पट्टीचे दोन तुकडे एकावर एक घट्ट बांधून, दोन कोपऱ्यांत डॉवेल पिना (जागा पक्की ठेवणारे गोल खुंट) बसवून, ०.८५ मिमीच्या ड्रिलने दोन्हींतून एकदमच आरपार छिद्र पाडले. त्यानंतर पट्ट्या सुट्या करून, मध्ये शीट सरकेल एवढी फट राहावी म्हणून कडेला एक मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून, त्या पुन्हा त्याच डॉवेलवर बसवल्या. वरची पट्टी पंचाला वाट दाखवते आणि पंच वर ओढताना शीटला खाली धरून ठेवते, खालची पट्टी डाय होते. खालच्या पट्टीचे छिद्र मागच्या बाजूने मोठ्या ड्रिलने वरच्या कडेखाली दीड मिलिमीटर उरेपर्यंत मोठे केले, जेणेकरून चकत्या अडकून न राहता खाली पडतील. पंच म्हणून वापरले तेच ०.८५ मिमीचे ड्रिल, उलटे धरून. त्याचा मागचा दांडा गोल, सरळ आणि छिद्राच्या मापाला आपसूक जुळणारा असतो. टोक तेलाच्या दगडावर काटकोनात घासून सपाट केले की झाले. वरच्या टोकावर पितळेची छोटी टोपी बसवली, तिच्यावर अंगठ्याने दाब द्यायचा. हातोडीची गरज नव्हती.

डाय कडक करावी की नाही यावर मामा-भाच्यांत थोडी वादावादी झाली. टूलरूममध्ये अशा कामाला ओएचएनएस पोलाद वापरून, तापवून, तेलात विझवून कडक करतात. मामांचे म्हणणे असे की हजारभर प्लॅस्टिकच्या चकत्यांना मऊ पोलादाची डाय सहज पुरते, पंच सरळ उतरत असेल तर तिची कड झिजत नाही, आणि तापवताना पट्टी वाकडी झाली तर जुळवलेली छिद्रे मात्र फुकट जातात. डाय मऊच ठेवली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

फ्लँजच्या चकतीसाठी मात्र अंगठा पुरणार नव्हता. कापण्यास लागणारे बळ कापाची लांबी आणि शीटची जाडी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. नटाची चकती ०.८५ मिमी व्यासाची आणि ०.५ मिमी जाडीची, फ्लँजची १५.६ मिमी व्यासाची आणि ०.७५ मिमी जाडीची. हिशेब केला तर दुसरीला पहिलीच्या सुमारे साडेसत्तावीस पट बळ लागते. मामांच्या ओळखीच्या एका कारखान्यात जुना फ्लायप्रेस, म्हणजे हाताने फिरवायच्या स्क्रूचे दाबयंत्र, पडून होता, त्यावर हे काम झाले. १२ मिमीच्या भोकासाठी पंच म्हणून कडक केलेली डॉवेल पिन घेतली, बाहेरच्या चकतीसाठी पंच आणि डाय लेथवर करून घेतली. या दोन हत्यारांत कोणते माप कोठे धरायचे याबद्दल टूलरूममधला नियम पक्का आहे: चकती डायच्या मापाची निघते आणि भोक पंचाच्या मापाचे पडते. म्हणून बाहेरच्या चकतीसाठी डाय १५.६ची केली आणि पंच किंचित बारीक ठेवला. भोकासाठी पंच १२चा ठेवून डाय किंचित मोठी केली. उलट केले असते तर दोन्ही मापे किंचित चुकली असती आणि नळीवर फ्लँज घट्ट बसला असता.

आधी भोक की आधी चकती, हा क्रमही विचारपूर्वक ठरला. आधी भोक पाडले, नंतर त्या भोकात बसणारा १२ मिमीचा पायलट (मध्य साधणारा खुंट) चकतीच्या पंचाच्या टोकाला ठेवला. त्यामुळे बाहेरची कड आपोआप मध्यावर आली. या कड्याची रुंदी १.८ मिमी आहे. मध्य पाव मिलिमीटरही सरकला तर एका बाजूला दीड आणि दुसऱ्या बाजूला दोन मिलिमीटर दिसते आणि डोळ्याला ते लगेच खटकते.

ऐंशी छिद्रे

चार उघड्या फ्लँजवरील छिद्रे हा या प्रकरणातला खरा कसोटीचा भाग होता. सरळ विचार केला तर छिद्रे सर्वांत आधी, शीट अखंड असतानाच पाडावीत असे वाटते, कारण तेव्हा बाहेर भरपूर प्लॅस्टिक असते आणि भिंत फुटण्याचा प्रश्न येत नाही. तसा एक नमुना केला. छिद्रे सुबक पडली. परंतु नंतर फ्लायप्रेसवर बाहेरची कड कापताना पाव मिलिमीटरची ती भिंत छिद्राच्या पोकळीत ढकलली गेली आणि गोल छिद्रे एका बाजूने चपटी झाली. आधाराचा नियम येथे उलट बाजूने लागू झाला: जेथे छिद्र आहे तेथे आधार नाही.

यावर मामांनी काढलेला तोडगा साधा होता. एका पितळी ठोकळ्यात लेथवर १५.६ मिमी व्यासाचा आणि शीटच्या जाडीहून किंचित कमी खोलीचा खळगा केला, त्याच्या मध्यभागी १२ मिमीचा खुंट राखला. तयार कडे या खळग्यात दाबून बसवले की त्याची बाहेरची कड सर्व बाजूंनी पितळेला भिडते आणि ड्रिलच्या दाबाने भिंतीला फुगायला जागाच उरत नाही. वरून पितळेची जिग प्लेट, जिच्यात छिद्रांची वीस ठिकाणे आधीच पाडलेली. ती ठिकाणे मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड, म्हणजे वर्तुळाचे समान भाग पाडणारे साधन, लावून पाडली. या हेडचे गुणोत्तर चाळीसास एक असते, म्हणून वीस भागांसाठी दर छिद्रामागे हँडलचे पूर्ण दोन फेरे द्यायचे, मोजदाद चुकण्याचा संभव नाही. प्लेटच्या कडेवर उभ्या मध्यरेषेची खूण कोरली आणि पहिले छिद्र तिच्यापासून ९ अंशांवर घेतले.

छिद्रे हातानेच, पिन व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या पकडीत) ड्रिल धरून पाडली. ०.६ऐवजी ०.६५ मिमीचे ड्रिल घेतले, कारण प्लॅस्टिक ड्रिल निघताच थोडे आक्रसते आणि छिद्र ड्रिलच्या मापापेक्षा जरा लहान राहते. तीन-चार फेरे द्यायचे, ड्रिल वर काढायचे, ब्रशने बुरा झटकायचा, पुन्हा घालायचे. हिप्सचा बुरा नीट कापला जात असेल तर तो बारीक सलग कुरळ्या धाग्यासारखा निघतो. तो भुकटीसारखा किंवा चिकट निघू लागला की ड्रिल बोथट झाले किंवा हात घाई करतो आहे असे समजावे. सर्किट बोर्डसाठी वापरतात ती कार्बाइडची ड्रिले स्वस्त मिळतात व धारदारही असतात, पण ती इतकी ठिसूळ असतात की हातात जरा कलली तरी मोडतात. पिन व्हाइससाठी साधे हायस्पीड पोलादाचे ड्रिलच बरे. खळग्यातून बाहेर काढलेल्या पहिल्या कड्यावर भिंग धरले तेव्हा वीसही छिद्रांबाहेरची भिंत अखंड होती. मागच्या अंगाला थोडी बर, म्हणजे कापताना उरलेली बारीक खरखरीत कड, उठली होती, ती ब्लेड आडवे धरून एकदा खरवडल्यावर गेली.

नट बसवताना

नटांच्या चकत्यांत एक गोष्ट जाणूनबुजून साधली, तिचे वर्णन थोडे विस्ताराने करतो. पंच शीटवर उतरतो तेव्हा चकतीची डायकडची, म्हणजे खालची, कड किंचित गोलावते आणि पंचाकडच्या वरच्या कडेला अगदी बारीक बर राहते. खऱ्या नटाच्या कडाही वरून उतरवलेल्या असतात. म्हणून चकती उलटी करून, गोलावलेली बाजू वर आणि बर असलेली बाजू फ्लँजला चिकटेल अशी बसवली, तेव्हा ती नुसत्या चकतीपेक्षा कितीतरी अधिक नटासारखी दिसू लागली. षटकोनी नट हवेत असा आग्रह भाच्याने धरला होता. परंतु ०.८२ मिमीचा षटकोन हातभर अंतरावरून गोलच दिसतो आणि ८८० षटकोनांची तोंडे एका दिशेला जुळवण्याचे कष्ट त्या फरकाच्या मानाने फार आहेत. माझे मत मामांच्या बाजूने पडले.

मोहरीहून लहान अशा या चकत्या स्थिर विद्युतमुळे बोटांना, चिमट्याला आणि एकमेकींना चिकटतात. डायखाली पाण्याची उथळ बशी ठेवून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून हा त्रास संपवला. बशीत पडलेल्या चकत्या कोणत्या बाजूने पडल्या हे मात्र कळत नाही. काळ्या कागदावर पसरून, बाजूने दिवा धरला की गोलावलेल्या कडेवर प्रकाशाची रेघ दिसते. त्यावरून निवड केली. उचलण्यासाठी ओलसर केलेला तीन शून्याचा ब्रश चिमट्याहून अधिक उपयोगी ठरला, कारण चिमट्याच्या दाबाने चकती उडाली की ती सापडत नाही.

ठिकाणे जुळवण्यासाठी तीच जिग प्लेट कामी आली. जुळवलेल्या फ्लँजवर छिद्रे न पाडता, प्लेटमधून टोकदार सुईने नुसते ठसे उमटवले. ठशावर द्रावकाचा सूक्ष्म थेंब, त्यावर चकती, क्षणभर थांबून ब्रशच्या टोकाने मध्यावर सरकवणे, असा क्रम बसला. द्रावक अधिक झाले तर चकती मऊ पडून पसरते आणि नट वितळलेल्या मेणासारखा दिसतो. तशा काही चकत्या खरवडून पुन्हा बसवाव्या लागल्या. समोरून दिसणाऱ्या काही जोडांवर नटाच्या मध्यभागी ०.५ मिमीच्या प्लॅस्टिक काडीचा इवलासा तुकडा लावून बोल्टचे बाहेर आलेले टोकही दाखवले. मागच्या बाजूच्या जोडांना ते केले नाही आणि करायची गरजही नव्हती.

राखी प्रायमरचा पहिला हात दिल्यावर पंचामुळे आलेली पांढरी झाक, पितळी ठोकळ्याचे ओरखडे आणि नळीच्या मापातला फरक भरून काढताना उठलेले एमरी पेपरचे चरे, सारे एकाच रंगात आले. तेव्हाच दोन जोडांवरचे नट मध्यरेषेपासून सरकल्याचे लक्षात आले. नळी चिकटवताना फ्लँज फिरला होता. मामांनी जिग प्लेटवर कोरलेली मध्यरेषेची खूण फ्लँजवर उतरवून घेतली असती तर हे टळले असते. पुढील नळ्यांसाठी ती पेन्सिलीने उतरवण्याची पद्धत भाच्याने लावून घेतली. ते दोन जोड नळीवरून कापून नव्याने बसवले.

शेवटी राहिल्या त्या पंपगृहातील पाणी काढून टाकण्याच्या ३०० मिमीच्या नळ्या. त्यांच्या फ्लँजचा बाहेरचा व्यास ४४५ मिमी, छिद्रांचे वर्तुळ ४०० मिमी आणि छिद्रे १२; प्रमाणात चकती ८.९ मिमी, वर्तुळ ८ मिमी आणि नट जेमतेम ०.६ मिमी. याच पद्धतीने ०.६ मिमीचा पंच करून पाहिला. वरच्या पट्टीबाहेर राहणारा त्याचा भाग लांब असल्याने तो अंगठ्याखाली वाकला. पंच आखूड करून, टोपी पट्टीच्या अगदी जवळ आणून हे साधता आले असते. पण या नळ्या क्रेनच्या सावलीत, जमिनीलगत आहेत. तेथे चकत्यांचा आग्रह सोडून ०.२५ मिमीच्या शीटवर मागून, रबराच्या पट्टीवर ठेवून, बोथट सुईने बारा उठाव दाबून काढले आणि ते पातळ तोंड ०.५ मिमीच्या कड्यावर चिकटवले.